हरकतीचा रकाना

मराठवाडा आणि त्याला लागून असलेला नगर-बीदरकडचा मुलूख यांतील हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची तयार करण्याच्या कामात माझ्या उमेदीची बहुतेक वर्षे गेली. मठ, दर्गे, देशमुख-देशपांड्यांचे वाडे, कुळकर्ण्यांची दप्तरे, वारकरी फडांतील लाकडी पेट्या अशा ठिकाणी रुमालांत बांधून ठेवलेल्या पोथ्या आणि बाडे सोडून पाहावयाची, त्यांची लांबी-रुंदी, पत्रसंख्या, लिपी आणि लेखनिकाचे नाव टिपावयाचे, आरंभ, शेवट आणि पुष्पिका उतरवून घ्यावयाची, आणि मग तो सारा ऐवज छापील तक्त्याच्या रकान्यांत बसवावयाचा, असा या कामाचा शिरस्ता असे. वरकरणी हे काम कारकुनी वाटते. तथापि भक्ती आणि सूफी या दोन परंपरांकडून विद्याव्यवहाराने काय घ्यावे, आणि अनेक मतांना एकाच संशोधनात मानाने कसे नांदवावे, याविषयी माझी जी मते बनली, ती व्याख्यानमंदिरांत ऐकलेल्या समन्वयाच्या भाषणांपेक्षा त्या तक्त्याशी झगडताना बनली, म्हणून त्या झगड्याची हकीकत येथे सांगतो.

तक्त्यात 'संप्रदाय' या शीर्षकाचा एक रकाना होता आणि त्यात एकच नाव लिहावे असा दंडक होता. ज्ञानेश्वरीची प्रत आली की वारकरी, दासबोधाची आली की समर्थ, लीळाचरित्राची आली की महानुभाव, आणि फारसी लिपीतील काही हाती लागले की ते सरसकट 'इस्लामी' या सदरात टाकून निराळ्या विभागाकडे रवाना करावयाचे, अशी वहिवाट पडून गेली होती. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा 'योगसंग्राम' पुढ्यात आला म्हणजे या वहिवाटीचा पाया हलू लागे. मुसलमान कुळात जन्मलेला आणि कादरी सिलसिल्यातील चांद बोधले यांचा अनुग्रह सांगणारा हा सतराव्या शतकातील पुरुष मराठी ओवीत ग्रंथ रचतो, योगमार्गाची आणि अद्वैताची परिभाषा अधिकाराने वापरतो, विठ्ठलाचे अभंग गातो. महिपती आपल्या संतचरित्रांत त्याला आदराने स्थान देतो, आणि शिवाजीमहाराजांचे आजोबा मालोजीराजे त्याला गुरुस्थानी मानीत असे परंपरा सांगते. वासुदेव सीताराम बेंद्रे यांनी हे साहित्य परिश्रमपूर्वक प्रसिद्ध केले तेव्हापासून मराठीच्या अभ्यासकांना त्याचे मोल ठाऊक आहे. परंतु त्या एका रकान्यात कोणता एक शब्द लिहावा हे मात्र बेंद्र्यांच्या ग्रंथांतून कळण्याजोगे नव्हते. मुंतोजी बामणींची तऱ्हा त्याहून अवघड. 'सिद्धसंकेतप्रबंधा'चा हा कर्ता बीदरच्या बहामनी घराण्यातला मानला जातो, आणि एकाच पुरुषाला कोठे मुंतोजी, कोठे मृत्युंजय, तर कोठे शहा मुंतोजी कादरी म्हटले आहे. सूचीकार यांतील एक नाव ठेवून बाकीची गाळतो तेव्हा त्या पुरुषाला त्या-त्या नावाने हाक मारणारी माणसेही सूचीतून गळतात.

गोदाकाठच्या एका कुळकर्णी घराण्यात पाहिलेल्या बाडाने मला सर्वांत अधिक विचार करावयास लावले. अरुंद बाजूने शिवलेले, वरच्या कोपऱ्यांना बोटांच्या तेलाने काळवंडलेले, नित्याच्या वापरातले असे ते बाड होते. आरंभी हरिपाठ, मग नामदेवांचे आणि जनाबाईंचे अभंग, त्यांच्यामागे, मधे कोरी ओळही न सोडता, शेख महंमदांचे काही अभंग, नंतर बालबोध लिपीत उतरवलेली दक्खिनी पदे, ज्यांत पीर, मुर्शद आणि अल्लाचे नाव वारंवार येते, त्यानंतर बाळंतिणीच्या काढ्याचे साहित्य आणि शेवटच्या पानावर कोणा असामीकडून येणे असलेल्या जोंधळ्याचा हिशेब. अक्षर निदान दोन हातांचे. या बाडाची याआधी कधीतरी नोंद झालेली होती आणि तीत त्याचे वर्णन 'अभंगसंग्रह, वारकरी, अपूर्ण' एवढ्या तीन शब्दांत आटोपले होते. त्या नोंदीत असत्य असे काहीच नाही, परंतु तीमुळे ती दक्खिनी पदे अभ्यासकांच्या दृष्टीने नाहीशी झाली होती. दक्खिनी काव्याचा शोध घेणारा हैदराबादेचा किंवा विजापूरचा अभ्यासक वारकरी सदरातील नोंद उघडून पाहण्याचे कारण नव्हते, आणि वारकरी वाङ्मयाचा अभ्यासक ती पाने उलटून पुढे जाणार हे उघड होते. ज्याने हे बाड लिहिले, त्याच्या सकाळच्या पाठात मात्र हे सारे एका आसनावर बसून म्हटले जात होते. संशोधनातील एकांगीपणा नेहमी द्वेषातूनच येतो असे नाही, छापील नमुन्याच्या सोयीतूनही तो येतो, आणि त्याची बाधा अधिक काळ टिकते, कारण तिच्यावर कोणी रागावत नाही.

बाडाला एक नोंद देण्याऐवजी त्यातील प्रत्येक रचनेला स्वतंत्र नोंद द्यावी, क्रम जसाच्या तसा राखावा, आणि संप्रदायाच्या रकान्यात जितकी नावे पुराव्याने येतील तितकी लिहावी, असा आमचा ठराव झाला. ज्या कचेरीकडून आम्हांस अनुदान मिळे, तिने या ठरावाला बराच काळ मंजुरी दिली नाही. एकेका बाडामागे नोंदी वाढतात आणि खर्च वाढतो ही तिची तक्रार अगदीच निराधार नव्हती. पुढे मंजुरी आली.

परंतु नोंदी वाढवल्याने वाचन वाढत नाही. दक्खिनी पदे मराठीच्या अभ्यासकाला अर्धीच लागतात, आणि अभंगातील सांकेतिक शब्द फारसीच्या पंडिताला मुळीच लागत नाहीत. म्हणून आम्ही एक वाचनमंडळ चालवू लागलो. त्यात फारसी-अरबीचे अध्यापन करून निवृत्त झालेले एक मौलवीसाहेब होते, पिढीजात फडाची कीर्तनपरंपरा चालविणारे एक बुवा होते, आणि चोखोबा, सोयराबाई, निर्मळा, बंका, कर्ममेळा या एकाच कुटुंबातील संतांवर प्रबंध लिहिणारी, स्वतः दलित वस्तीत वाढलेली एक विद्यार्थिनी होती. मौलवीसाहेब तिला 'बेटी' म्हणत, बुवा 'ताई' म्हणत, आणि ती दोघांशीही भीड न ठेवता बोले.

पहिले वाचन एकनाथांच्या 'अर्जदस्त' या रूपकाचे झाले. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर अधिकारी, आणि स्वतः एकनाथांनी तेथे हिशेबाचे काम केल्याची कथा सर्वांस माहीत आहे. त्यामुळे दरबारी कागदाचा घाट त्यांच्या हाताखालून गेलेला होता. या रचनेत देह हा एक परगणा कल्पिला आहे, जीव त्याचा शेकदार आहे, बुद्धी कारकुनी करते, आणि परगण्याची वासलात कशी लागत आहे याचा अर्ज धन्याच्या पायी गुजरला आहे. बुवा ही रचना लहानपणापासून गात आलेले. देहाचा परगणा कसा ओस पडतो आणि जमाबंदी कोणती हे त्यांनी असे उलगडले की ऐकणारा अंतर्मुख व्हावा. परंतु आरंभीचे मायने तसे का, कोणता शब्द कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याने कोणाला लिहावयाचा, हे त्यांना कधी कोणी सांगितले नव्हते. मौलवीसाहेबांनी एक खरी फारसी अर्जी समोर ठेवून तिची अंगे दाखविली, आणि मग ध्यानात आले की एकनाथांनी विडंबनासाठी चार फारसी शब्द पेरलेले नसून त्या पत्रप्रकाराची शिस्त जशीच्या तशी पाळली आहे, आणि ती पाळल्यामुळेच जिवाची लाचारी एवढी खरी वाटते. मौलवीसाहेबांना घाट कळत होता, बुवांना गाभा, आणि दोघे एका चटईवर बसेपर्यंत रचना पूर्ण वाचली गेली नव्हती. अनेकांना सामावून घेणे हे औदार्य म्हणून सांगितले जाते. येथे ते वाचनाची निकड म्हणून आमच्यापुढे उभे राहिले.

पुढे 'हिंदु-तुर्क संवाद' घेतला. सोळाव्या शतकात पैठणसारख्या क्षेत्री राहणाऱ्या ब्राह्मणाने हा संवाद लिहावा यातले धैर्य आज पुरेसे जाणवत नाही. यातील तुर्क मूर्तिपूजा, अवतारांच्या कथा, सोवळे-ओवळे यांवर तुटून पडतो; हिंदू त्याला विचारतो की ईश्वर सर्वत्र असेल तर पश्चिमेलाच तोंड कशासाठी, आणि मुक्या जिवाच्या मानेवर सुरी फिरवून पुण्य कसे लाभते. दोघेही एकमेकांना लागेल असेच बोलतात. आम्ही वाचताना ब्राह्मणाचे बोलणे मौलवीसाहेबांकडे आणि तुर्काचे बुवांकडे दिले. बुवांनी तुर्काचा पक्ष असा तावातावाने मांडला की मौलवीसाहेबांना, आपल्या बाजूने एवढे कडक बोलणे आपल्यालाही जमले नसते, असे म्हणावे लागले. वाचन संपल्यावर मात्र त्यांनी शांतपणे आपला आक्षेप सांगितला. शेवटाकडे तुर्क जरा लवकर नमतो. एवढे पुढे आलेला वादी इतक्यात हात देणार नाही. तेथे कवी आपल्या घरचाच राहिला आहे. बुवांनी क्षणभर विचार करून ते मान्य केले, पण दोघांचे आलिंगन शेवटच्या काही ओळींत आहे आणि भांडण त्याआधीच्या साऱ्या रचनेत आहे, हेही पाहावे, असे सुचविले. बुवांचे हे म्हणणे मला आजही मोलाचे वाटते. आपण या रचनेतून आलिंगन उचलतो, सभासंमेलनांत मिरवतो, आणि आलिंगनापूर्वी प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या भाषेत, त्याच्या जोराने मांडण्याचे जे कष्ट कवीने घेतले, ते मागे टाकतो. विद्यापीठांत सादर होणाऱ्या प्रबंधांत 'पूर्वाभ्यासाचा परामर्श' म्हणून जे प्रकरण असते, त्यात दुसऱ्याचे मत असे मांडलेले मला क्वचितच आढळले की त्या दुसऱ्याने ते वाचून खाली सही करावी.

त्याच बैठकीत विद्यार्थिनीने जो प्रश्न काढला त्याने चर्चेची दिशा बदलली. हे दोघे देवाविषयी भांडत आहेत तेव्हा महाद्वाराबाहेर उभा असलेला माणूस कोठे आहे, असे तिने विचारले. महाराची 'जोहार' घालणारी भारुडे एकनाथांनीच लिहिली आहेत, असे बुवांनी दाखवून दिले. ती म्हणाली, "बुवा, ती एकनाथांनी महाराच्या तोंडी घातलेली आहेत, चोखोबांनी घातलेला जोहार निराळा आहे. एक करुणेने बोलतो, दुसऱ्याच्या अंगावरून गेलेले आहे." या भेदाला उत्तर नव्हते आणि कोणी ते देण्याचा प्रयत्नही केला नाही. चोखोबांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारापाशी बाहेर आहे, आणि १९४७ साली साने गुरुजींना मंदिर खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावावे लागले, या दोन गोष्टी भक्तीच्या समतेविषयी लिहिताना कोणाही अभ्यासकाने दृष्टीआड करू नयेत. चोखोबांचे अभंग अनंतभट लिहून घेत, असे परंपरा सांगते. त्या बैठकीपासून आमच्या सूचीत कर्ता, लेखनिक आणि ज्याच्या मुखाने रचना बोलते तो वक्ता, असे तीन रकाने वेगळे झाले. 'चोखा म्हणे' ही नाममुद्रा आणि चोखोबांसाठी दुसऱ्याने लिहिलेली रचना या दोहोंची नोंद आता एकमेकींत मिसळत नाही.

सूफी परंपरेकडून आम्ही जे घेतले ते पद्धतीच्या बाबतीत याहूनही सूक्ष्म आहे, आणि त्याचा उगम आमच्या घराजवळ, खुलताबादेत आहे. बुऱ्हानुद्दीन गरीब आणि जैनुद्दीन शिराजी यांच्या दर्ग्यांसाठी, तसेच औरंगजेबाच्या साध्या कबरीसाठी लोक तेथे जातात. परंतु त्याच भूमीत अमीर हसन सिज्झी हा दिल्लीचा कवी चिरविश्रांती घेत आहे हे फारच थोड्यांना माहीत असते. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दौलताबादेस राजधानी हलविली तेव्हा दिल्लीची जी मंडळी दक्षिणेत आली त्यांत तो होता. त्यापूर्वी १३०८ ते १३२२ या काळात निजामुद्दीन औलियांच्या मजलिशींत बसून त्याने गुरूंचे बोलणे तारीखवार लिहून ठेवले. तोच 'फवाइद-उल-फुवाद' हा ग्रंथ. मौलवीसाहेबांनी आम्हांस त्यातला एक प्रसंग सांगितला. हसनने आपले टिपण गुरूंना दाखविले, तेव्हा त्यात काही जागा कोऱ्या होत्या. जे शब्द नीट ध्यानात राहिले नाहीत, तेथे त्याने आपल्या पदरचे न घालता जागा मोकळी सोडली होती. गुरूंनी त्या जागा स्वतः भरून दिल्या. क्षेत्रावर जाऊन लोकांचे बोलणे टिपणाऱ्या संशोधकाला याहून चांगला धडा कोणता द्यावा? न समजलेले कोरे ठेवणे, आणि ज्याचे बोलणे त्यालाच ते परत नेऊन दाखविणे.

हा धडा आम्ही जात्यावरच्या ओव्या गोळा करताना गिरवला. महाराष्ट्रात हे कार्य हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी फार मोठ्या प्रमाणावर केले आहे; त्यांच्या संग्रहातील ओव्यांची संख्या एक लाखावर जाते. आमचे क्षेत्र लहान होते, आणि आमची जिज्ञासाही विशिष्ट होती. विजापूरच्या सूफींनी बायकांना जात्यावर म्हणावयाला दक्खिनीत 'चक्कीनामे' रचले, त्यांत जात्याच्या खुंट्याला अलिफ या अक्षराची आणि त्यायोगे ईश्वराची उपमा दिली आहे, हे रिचर्ड ईटन यांच्या १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातून आम्हांस कळले होते. त्या परंपरेचा आपल्या ओव्यांशी कोठे स्पर्श होतो का, हे पाहावयाचे होते. वेरूळच्या वाटेवरच्या एका वस्तीत एका वृद्ध बाईने दळता दळता म्हटलेल्या माळेत पहिल्या ओव्या पंढरीच्या, मधल्या भावाच्या, आणि मग उरसाला निघालेल्या गाडीच्या आल्या. एका ओवीतील शब्द जात्याच्या घरघरीत ऐकू आला नाही म्हणून टिपणात जागा सोडली, आणि पुढे टिपण घेऊन पुन्हा गेलो तेव्हा ते सारे तिला वाचून दाखविले. ती कोरी जागा आली तशी ती थांबली, हाताने खुंटा धरल्यासारखा करून ती ओवी तिने पुन्हा म्हणून पाहिली, आणि दोन शब्द दिले: माहेरी आई असे म्हणायची, इकडे सासूबाई तसे म्हणत. यांतला खरा कोणता, असे आमच्यापैकी एकाने विचारले तेव्हा तिला त्या प्रश्नाचेच नवल वाटले. आईचेही घ्या आणि सासूबाईंचेही घ्या, असे तिने सांगितले, आणि पाठभेदाच्या खुणेसह दोन्ही घेतले. चक्कीनाम्यांशी थेट नाते सांगता येईल असा पुरावा आमच्या संग्रहात मिळाला नाही, आणि तसे आम्ही स्पष्ट लिहून ठेवले.

ही शेवटची गोष्ट मी मुद्दाम सांगितली, कारण अनेक मतांना जागा देणे याचा अर्थ पुराव्याची कसोटी सैल करणे असा काही जण करतात. जनार्दनस्वामींना दत्तात्रेयांचा साक्षात अनुग्रह झाला, असे संप्रदाय मानतो, आणि दत्तप्रभूंनी एकनाथांना मलंगाच्या वेषात दर्शन दिल्याची कथाही आपल्याकडे आहे. दुसरीकडे शेख महंमदांचे गुरू चांद बोधले हेच जनार्दनस्वामींचेही गुरू होत, असे रा. चिं. ढेरे यांच्यासारख्या थोर संशोधकाने प्रतिपादिले आहे. ही दोन मते आमच्या नोंदीत शेजारी आहेत, पण सारख्या वजनाची म्हणून नाहीत: कोणत्या विधानाला कोणता साक्षी, तो किती जुना, आणि तो कोणत्या परंपरेत उभा राहून बोलतो, हे प्रत्येकापुढे लिहिले आहे. श्रद्धेचे विधान श्रद्धेचे म्हणून, अनुमान अनुमान म्हणून. स्वतः एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला तेव्हा ग्रंथावरील परमभक्तीने त्यांना पाठाविषयी अधिक कठोर केले, ढिले केले नाही. भक्ती आणि चिकित्सा यांचे वैर मानणाऱ्यांनी त्या संपादनाचा विचार करावा.

या साऱ्यातून सूचीच्या नमुन्यात शेवटी एक रकाना वाढला. त्याचे शीर्षक आम्ही जुन्या दप्तरातलेच घेतले: 'हरकत'. ज्याच्या घरचे बाड, ज्या मठाची पोथी, ज्या दर्ग्याचा शजरा, त्याला आमची नोंद वाचून दाखवावयाची. त्याला ती अमान्य असेल तर त्याचे म्हणणे त्याच्या शब्दांत, तारीख घालून आणि सही घेऊन लिहावयाचे. आमचे उत्तर असल्यास ते त्याखाली. विद्वानांच्या नोंदीत घरमालकाचा शेरा कशाला, अशी शंका काही सन्मान्य सहकाऱ्यांनी घेतली, परंतु शतकानुशतके पोथी ज्याने वाळवीपासून राखली, त्याला तिच्याविषयी बोलण्याचा अधिकार संशोधकाच्या आधी पोचतो असे माझे ठाम मत आहे.

गोदाकाठच्या त्या बाडाच्या नोंदीवर आता अशी हरकत आली आहे. मालकांच्या चिरंजीवांचे म्हणणे असे की दक्खिनी पदे त्यांच्या पूर्वजाच्या हातची नव्हेत, घरी मुक्कामाला राहिलेल्या कोणा फकिराने ती मागाहून घातली असावीत. मौलवीसाहेबांनी त्याखाली लिहिले आहे की पदे बालबोधीत आहेत आणि फारसी शब्दांचे लेखन मराठी उच्चाराप्रमाणे आहे, तेव्हा लिहिणारा फारसीत शिकलेला नसावा. विद्यार्थिनीने, जी आता स्वतः अध्यापन करते, तिसरा शेरा जोडला आहे: फकीर लिहून गेला असो वा घरच्याने ऐकून लिहिले असो, पाने फाडली गेली नाहीत आणि पुढच्या पिढ्यांनी त्याच पानांना बोटे लावून पाठ केला, याचा दाखला कोपऱ्यांच्या डागांत आहे. तिन्ही शेरे पुढच्या आवृत्तीत नोंदीसह छापले जातील. अक्षर ताडून पाहण्यासाठी त्या पूर्वजाच्या हातची जमाखर्चाची वही चिरंजीवांनी आम्हांस देऊ केली आहे. पावसाळा संपला की ती आणावयास जावयाचे ठरले आहे.